व्यालेल्या गाईचे ऐंशी दिवस

गाय सुखरूप व्याली, वासरू धडपडत उभे राहिले, त्याने पहिला चीक प्याला आणि थोड्या वेळाने जारही पडली, म्हणजे गोठ्यातील चिंता मिटली, असे मानण्याचा प्रघात आहे. घरातील माणसांचे लक्ष मग खरवसाकडे वळते. गाईच्या शरीरात मात्र त्याच घटकेला दुसऱ्या एका कामास आरंभ झालेला असतो. ते बाहेरून दिसत नाही, त्याचा गाजावाजा होत नाही. परंतु ते वेळेवर पुरे झाले नाही तर पुढील वर्षी त्या गोठ्यात वासरू हुंदडत नाही. हे काम कसे चालते, ते कोठे अडते आणि गाईच्या अंगच्या रोगप्रतिकारशक्तीचा त्यात किती वाटा असतो, याविषयी गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांना जे ज्ञान झाले आहे, ते मोठे उद्बोधक आहे.

या प्रश्नाची निकड अधिक तीव्रतेने जाणवते ती मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत. तेथे दुधाच्या गाई निराळ्या आणि मांसाच्या जातीच्या गाई निराळ्या. हेरफोर्ड किंवा अँगस जातीची गाय सहसा कोणी दोहत नाही. तिचे सारे दूध तिच्या वासराच्या पोटी जाते. अमेरिकेच्या माँटाना, नेब्रास्का यांसारख्या राज्यांतील विस्तीर्ण कुरणांवर असे कळप चरत असतात. बहुतेक कळपांत वसंताच्या सुमारास गाई वितात, उन्हाळ्यात वळू सोडले जातात आणि शरद ऋतूत वासरे आईपासून तोडून विकली जातात. गाईमागे वर्षाकाठी मालकाच्या हाती येते ते एवढे एक वासरू. वासरू नाही तर उत्पन्न नाही, खर्च मात्र बाराही महिन्यांचा. म्हणून वासरे तोडण्याच्या सुमारास पशुवैद्य एकेक गाय तपासतो, आणि जी गाभण नसेल तिची रवानगी बहुधा हिवाळ्यापूर्वीच बाजारात होते. तेव्हा उन्हाळ्यातील त्या दोन-तीन महिन्यांत गाभ राहणे वा न राहणे हा मालकाच्या उत्पन्नाचा प्रश्न खरा, परंतु गाईच्या बाजूने पाहिले तर तो तिच्या जीवनमरणाचाच प्रश्न होय.

हिशेब ब्याऐंशी दिवसांचा

गाईचा गर्भकाळ जातीपरत्वे थोडा कमीअधिक असला, तरी सरासरीने तो २८३ दिवसांचा धरतात. वर्षाचे दिवस ३६५. दर वर्षी त्याच सुमारास वासरू व्हावे अशी इच्छा असेल, तर व्याल्यापासून ८२ दिवसांच्या आत गाईने पुन्हा गाभ धरला पाहिजे. हिशेब सरळ आहे. परंतु या ८२ दिवसांतील पहिला मोठा भाग शरीर स्वतःसाठी राखून ठेवते. विण्याच्या वेळी गाईच्या गर्भाशयाचे वजन नऊ-दहा किलोपर्यंत गेलेले असते. ते महिन्याभरात एक किलोच्या आसपास यावे लागते. आतील अस्तर झडून नवे यावे लागते. हे सारे होईपर्यंत महिना-सव्वा महिना उलटतो. गाईच्या माजाचे चक्र २१ दिवसांचे असल्यामुळे उरलेल्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मालकाच्या पदरी माजाच्या दोनच पाळ्या पडतात. त्यांतील पहिली वाया गेली, म्हणजे दुसरीवर सारी भिस्त.

पहिली पाळी वाया जाण्याचा संभवही मोठा असतो. व्याल्यानंतर प्रथम जे बीजांड सुटते, त्या वेळी गाय पुष्कळदा माजाची लक्षणे दाखवीतच नाही. शिवाय बीजांड सुटल्यावर त्याच्या जागी जो पीतपिंड तयार होतो, तो या पहिल्या खेपेस फार अल्पायुषी ठरतो. एरवी तो दोन आठवड्यांहून अधिक टिकतो आणि 'प्रोजेस्टेरॉन' नावाचे गर्भरक्षक संप्रेरक रक्तात सोडीत राहतो. पहिल्या खेपेचा पीतपिंड मात्र आठ-दहा दिवसांतच विरून जातो. अशा वेळी गर्भ राहिला असला तरी त्याला आधार राहत नाही.

वासराचा लगाम

माँटाना राज्यात माइल्स सिटी या गावी फोर्ट किओ नावाचे गुरांच्या संशोधनाचे जुने केंद्र आहे. जुन्या लष्करी ठाण्याच्या जमिनीवर १९२४ साली ते सुरू झाले. तेथील शॉर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली व्यालेल्या गाईच्या वंध्यत्वाची कारणे एकत्र मांडली. पहिले सुमारे वीस दिवस गर्भाशय पूर्वपदावर न आल्यामुळे, आणि चाळीस दिवसांपर्यंत वर सांगितलेल्या आखूड चक्रांमुळे गाभ राहत नाही. परंतु सर्वांत मोठा अडथळा म्हणजे गाय माजावरच न येणे, आणि त्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे वासराचे पिणे आणि गाईचे पोषण, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

वासराचे पिणे हे कारण वाटते तितके साधे नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून 'एल.एच.' नावाचे संप्रेरक ठरावीक अंतराने सुटू लागले, म्हणजेच बीजांडकोशातील बीजांड पक्व होऊन बाहेर पडते. वासरू जवळ असताना मेंदू हे संप्रेरक आखडते घेतो. प्रथम अशी समजूत होती की सड चोखले जाण्याच्या संवेदनेमुळे असे होत असावे. टेक्सस राज्यातील प्रयोगांत कासेचे ज्ञानतंतू तोडून पाहिले, तरीही मेंदूवरचा लगाम सुटला नाही. उलट परके वासरू लावले असता तो सैल पडला. आईची दृष्टी आणि घ्राणेंद्रिय ही दोन्ही निष्क्रिय केली, तेव्हाही तसेच झाले. म्हणजे सडाला होणाऱ्या स्पर्शापेक्षा 'हे माझेच वासरू आहे' ही ओळख अधिक प्रभावी ठरते. वात्सल्याचा असा परिणाम शरीराच्या रसायनात उतरलेला पाहून कोणासही नवल वाटावे.

पोषणाचे म्हणावे तर तेथील पशुपालक गाईच्या अंगावरील मांस आणि चरबी पाहून तिला एक ते नऊ असे गुण देतात. विण्याच्या वेळी गाय किमान पाच गुणांची असावी, आणि पहिलारू असल्यास त्याहून थोडी अधिक भरलेली असावी, असा सल्ला दिला जातो. हाडे दिसू लागलेली गाय माजावर उशिरा येते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

इतके समजल्यावरही एक कोडे शिल्लक राहत होते. चांगल्या पोसलेल्या, माजावर आलेल्या आणि वळू लागलेल्या गाईही पुष्कळदा उलटतात. निरोगी गाईंत बीजांडाचे फलन सुमारे नव्वद टक्के वेळा होते. तरीसुद्धा एकदा फळवलेल्या गाईंपैकी प्रत्यक्ष वितात त्या निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक. मधल्या गर्भांचा ऱ्हास होतो तो मुख्यतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत. या कोड्याचा शोध घेताना शास्त्रज्ञ अशा एका क्षेत्रात जाऊन पोहोचले, की ज्याचा जननाशी एवढा निकट संबंध असेल असे पूर्वी फारसे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ते क्षेत्र म्हणजे रोगप्रतिकारशक्ती.

उदरातील पाहुणा

वस्तुतः गाय आणि प्रतिकारशास्त्र यांचा संबंध जुना आहे. १९४५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात रे ओवेन यांना असे आढळले, की जुळ्या वासरांच्या अंगात स्वतःच्या रक्तपेशींबरोबर जुळ्या भावंडाच्याही रक्तपेशी सुखाने नांदत असतात. गर्भावस्थेत दोघांच्या जारेतील रक्तवाहिन्या जोडल्या गेल्यामुळे हे घडते. परक्या पेशींना शरीर हुसकून लावते, या नियमाला हा अपवाद होता. याच धाग्याने पुढे जाऊन इंग्लंडमध्ये पीटर मेडावर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रतिकारशक्तीच्या सहिष्णुतेचा सिद्धांत प्रयोगाने सिद्ध केला, आणि १९६० साली मेडावर यांना फ्रँक मॅक्फर्लेन बर्नेट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

याच मेडावर यांनी १९५३ साली एक मार्मिक प्रश्न विचारला. पोटातील गर्भ निम्मा पित्याचा असतो. म्हणजे मातेच्या शरीराच्या दृष्टीने तो निम्मा परका. दुसऱ्याच्या कातडीचा तुकडा लावला तर शरीर तो काही दिवसांत टाकून देते. मग हा पाहुणा नऊ-नऊ महिने कसा खपवून घेते? या प्रश्नाची उत्तरे आजही भर पडत पडत पूर्ण होत आहेत. परंतु गाईच्या बाबतीत एवढे निश्चित झाले आहे, की हा तह विण्याच्या वेळी मोडावाच लागतो, आणि तो वेळेवर मोडला नाही तर जार अडकते.

गाईची जार गर्भाशयाला सत्तर ते सव्वाशे बटणांसारख्या जोडांनी घट्ट बसलेली असते. दिवस भरत आले, म्हणजे मातेच्या प्रतिकारशक्तीला जार ही परकी वस्तू म्हणून ओळखू येऊ लागते. मग रक्तातील 'न्यूट्रोफिल' नावाच्या श्वेतपेशी त्या जोडांकडे धाव घेतात आणि सांधे सैल करण्यास हातभार लावतात. अमेरिकेत आयोवा राज्यातील एम्स येथे दुधाळ गाईंवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की ज्यांची जार पुढे अडकली, त्या गाईंच्या न्यूट्रोफिल पेशी विण्यापूर्वी दोन आठवड्यांपासूनच मंद झालेल्या होत्या. या पेशींना बोलावून घेणारे 'इंटरल्यूकिन-८' नावाचे द्रव्यही त्यांच्या रक्तात कमी होते. त्यापूर्वी १९९१ च्या सुमारास नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांना असे आढळले होते, की आई आणि वासरू यांच्या पेशींवरील ओळखखुणा जर फारच जुळत्या असतील, तर जार अडकण्याचा संभव वाढतो. परकेपणा ध्यानात आला नाही, म्हणून निरोप पाठविला गेला नाही, आणि निरोप गेला नाही, म्हणून सुटका झाली नाही, असा हा प्रकार आहे.

खेड्यापाड्यांत लोंबत्या जारेला वीट किंवा दगड बांधण्याची, अथवा हात घालून ती ओढून काढण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. वरील हकीकत लक्षात घेतली, म्हणजे पशुवैद्य या रीतीला विरोध का करतात ते कळून येईल. जो सांधा पेशींनी आतून उकलावयाचा, तो ओढून फाडला असता गर्भाशयाला जखमा होतात आणि जंतूंना आयती वाट मिळते.

जखमेची साफसफाई

जार पडून गेल्यावर गर्भाशयाची अवस्था एका मोठ्या उघड्या जखमेसारखी असते. द्वार सैल असते, आत रक्त आणि झडलेल्या पेशी यांचा साठा असतो. पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक सर्व गाईंच्या गर्भाशयात जंतूंचा शिरकाव होतो, असे दुधाळ गाईंच्या तपासणीवरून ठरले आहे. मोकळ्या कुरणावर विणाऱ्या मांसाच्या गाईंना दाटीच्या गोठ्यातील दुधाळ गाईंपेक्षा या बाबतीत त्रास कमी होतो. परंतु अवघड विणे, जुळी वासरे किंवा अडकलेली जार यांमुळे त्याही या संकटातून सुटत नाहीत.

शरीराला हा शिरकाव कळतो कसा? याचे उत्तर मिळाले ते एका माशीच्या अभ्यासातून. फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीत 'टोल' नावाचे एक जनुक आहे. ते तिचे बुरशीपासून रक्षण करते, असे फ्रान्समधील ज्यूल्स हॉफमन यांनी १९९६ साली दाखविले. दोन वर्षांनी अमेरिकेतील ब्रूस बॉयट्लर यांनी सस्तन प्राण्यांतील त्याच घराण्याचा एक ग्राहक शोधून काढला. काही जंतूंच्या कवचावर एक विषारी द्रव्य असते. ते या ग्राहकाला भिडताच पेशीला जंतूची वर्दी मिळते. या शोधांबद्दल दोघांनाही २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हेच पहारेकरी गाईच्या गर्भाशयाच्या अस्तरातही उभे आहेत. 'इश्चेरिकिया कोलाय' या शेणातील नित्याच्या जंतूचे कवचद्रव्य त्यांना लागले, की अस्तराच्या पेशी इंटरल्यूकिन आणि तत्सम रासायनिक निरोप सोडू लागतात. न्यूट्रोफिल पेशींच्या झुंडी तेथे उतरतात, जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. त्यांचाच पू होतो. काही आठवड्यांत जंतूंचा नायनाट होतो, झुंडी परततात आणि अस्तर पुन्हा सांधले जाते. पहिल्या पंधरवड्यातील हा दाह रोग नसून शरीराचे नित्यकर्म होय. ज्या गाईंच्या गर्भाशयात या पेशी पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतरही मोठ्या संख्येने ठाण मांडून बसलेल्या आढळतात, त्या गाई गाभण राहण्यास विलंब लागतो, असे दुधाळ गाईंवरील अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. बाहेरून पाहता अशी गाय सर्वथा निरोगी वाटते, हेच त्यातील फसवे अंग.

बीजांडकोशाला लागणारी झळ

येथपर्यंत गोष्ट गर्भाशयाची झाली. परंतु गर्भाशयातील झगड्याची झळ बीजांडकोशालाही लागते, हे ज्ञान त्यामानाने अलीकडचे. ब्रिटनमधील मार्टिन शेल्डन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली दाखविले, की गर्भाशयाला सूज असलेल्या गाईंच्या बीजपुटकातील द्रवातही जंतूंचे ते कवचद्रव्य सापडते. बीजांडाभोवतीच्या पेशींवर पहाऱ्याचे तेच ग्राहक असतात. वर्दी मिळताच त्या पेशी दाहाचे निरोप सोडू लागतात आणि इस्ट्रोजेन हे माजाचे संप्रेरक कमी निर्माण करतात. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले नाही, तर मेंदूला इशारा मिळत नाही. इशारा मिळाला नाही, तर बीजांड सुटत नाही. मेंढ्यांवरील प्रयोगांत असेही दिसले, की हे द्रव्य रक्तात सोडले असता मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीला जाणाऱ्या आज्ञाच मंदावतात.

हा संबंध उलट दिशेनेही चालतो. १९५३ साली इंग्लंडमधील रोसन, लॅमिंग आणि फ्राय यांनी दाखवून दिले होते, की गर्भाशयाची जंतूंशी झुंजण्याची ताकद बीजांडकोशाच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. माजाच्या काळात ती जोमदार असते, आणि प्रोजेस्टेरॉनचा अंमल असताना ती उणावते. निसर्गाची यातील योजना उघड आहे: गर्भ राहण्याचा संभव असेल, त्या काळात पहारा थोडा सैल केलेला बरा. परंतु साफसफाई पुरी होण्याआधीच बीजांड सुटून पीतपिंड तयार झाला, तर तोच सैलपणा जंतूंच्या पथ्यावर पडतो. त्यात दाहामुळे गर्भाशयातून निघणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनचा प्रकार बदलतो, आणि जो पीतपिंड विरावयाचा, तो रेंगाळत राहतो. पीतपिंड आहे म्हणून जंतू हटत नाहीत, आणि जंतू आहेत म्हणून पीतपिंड हटत नाही, अशी ही कोंडी होऊन बसते. पशुवैद्य अशा गाईला पीतपिंड विरविणारे प्रोस्टाग्लँडिन टोचतात, ते ही कोंडी फोडून तिला माजावर आणण्याकरिता.

दाह विझवावा की आवरावा

एवढे वाचल्यावर साहजिकच असे वाटेल, की मग व्याल्याबरोबर दाह शमविणारे औषध सर्वच गाईंना देऊन का टाकू नये? हा प्रयोग झालेला आहे, आणि त्याचे फळ विचार करावयास लावणारे आहे. कॅनडातील संशोधकांनी व्यालेल्या दुधाळ गाईंना 'फ्लुनिक्झिन' हे दाहशामक औषध तत्काळ टोचून पाहिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे अशा गाईंत जार अडकण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले. त्याचप्रमाणे वासरू लवकर व्हावे म्हणून 'डेक्सामेथासोन' हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले असता जार पुष्कळदा अडकते, हे पशुवैद्यांना बरीच वर्षे ठाऊक आहे. चूल पेटलीच नाही तर अन्न शिजत नाही, आणि जाळ आवरला नाही तर ते करपते. दाहाचे तंत्र याहून निराळे नाही. योग्य वेळी उठावा, काम करावा आणि योग्य वेळी बसावा, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते.

गर्भाचा निरोप

या सर्व हकीकतीतील अत्यंत विस्मयकारक भाग पुढेच आहे. गर्भाशय स्वच्छ झाले, गाय माजावर आली, वळू लागला आणि बीजांड फळले, असे समजा. सातव्या-आठव्या दिवशी तो गर्भ डोळ्याला जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. चौदाव्या दिवसापर्यंत तो काही मिलिमीटरांचा होतो, आणि मग दोन-तीन दिवसांतच सुताच्या धाग्यासारखा कित्येक सेंटिमीटर लांब होतो. त्याला घाई असते, कारण सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड विरवून टाकण्याच्या बेतात असते. पीतपिंड गेला तर गर्भाचा आधार गेला. तेव्हा 'मी येथे आहे' ही खबर त्या इवल्याशा धाग्याने त्यापूर्वी मातेला पोहोचविली पाहिजे.

ही खबर कोणत्या रूपाने जाते, याचा शोध आधी मेंढीत लागला. १९७९ साली फ्रान्समध्ये आणि १९८२ साली अमेरिकेत या गर्भाच्या बाह्य आवरणातून स्रवणाऱ्या एका प्रथिनाचे वर्णन झाले. १९८७ साली त्या प्रथिनाची घडण उलगडली, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. ते निघाले इंटरफेरॉनच्या कुळातले. इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडन येथे ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमान यांनी लावला, तो विषाणूंना अटकाव करणारे द्रव्य म्हणून. विषाणूने ग्रासलेली पेशी शेजारणींना सावध करण्यासाठी जी हाक मारते, तीच हाक थोड्या निराळ्या सुरात गर्भ आपल्या आईला मारतो. गाईच्या गर्भातही तेच प्रथिन सापडले. त्याला 'इंटरफेरॉन टाऊ' असे नाव आहे. त्याच्या प्रभावाने प्रोस्टाग्लँडिनच्या लाटा उठत नाहीत, पीतपिंड टिकतो आणि गर्भ तगतो. या शोधातील अग्रणी मायकेल रॉबर्ट्स आणि फुलर बेझर यांना २००२-०३ चे कृषिशास्त्राचे वुल्फ पारितोषिक देण्यात आले. या प्रथिनाचा प्रभाव गर्भाशयाबाहेरही पोहोचतो. अठराव्या ते विसाव्या दिवसाच्या सुमारास गाभण गाईच्या रक्तातील श्वेतपेशींत इंटरफेरॉनने जागृत होणारी जनुके उद्दीपित झालेली आढळतात, आणि त्यांवरून गाभ लवकर ओळखण्याचे प्रयत्न झालेले आहेत.

आता व्यालेल्या गाईच्या अस्तराचा विचार पुन्हा करावा. ज्या गर्भाशयात जुन्या दाहाचे निरोप अद्याप घुमत आहेत, तेथे गर्भाला पोषक स्राव पुरेसे मिळत नाहीत. तो खुंटतो, त्याचा धागा लांबत नाही, आणि त्याची हाक क्षीण पडते. हाक वेळेवर पोहोचली नाही, तर आईचे शरीर पुढच्या माजाची तयारी करू लागते. तीन आठवड्यांनी गाय उलटते आणि मालक वळूला दोष देतो. वळूचा दोष कधी असतोही. परंतु पुष्कळदा त्या अपयशाचे मूळ विण्याच्या दिवसापर्यंत मागे गेलेले असते.

उपाय साधे, पण वेळेचे

यावरून निघणारे उपाय फार खर्चाचे नाहीत. विण्याची जागा कोरडी आणि स्वच्छ असावी. नेब्रास्कातील काही पशुपालक विण्याच्या हंगामात अजून न व्यालेल्या गाई दर आठवड्याला नव्या कुरणात हलवितात. हेतू मुख्यतः वासरांना हगवणीपासून वाचविण्याचा, परंतु स्वच्छ जमिनीचा लाभ आयांनाही होतोच. अवघड विण्यात हात घालावयाचा तो स्वच्छ करून आणि बेताने. जार ओढू नये. ती अडकून गाईला ताप आला, तर वैद्याला बोलवावे. शेवटच्या तीन महिन्यांत गाईच्या अंगावर मांस धरेल असा चारा द्यावा, कारण श्वेतपेशींनाही झुंजण्यासाठी इंधन लागते, आणि उपाशी गाईची सेना अर्धपोटी असते. पहिलारू कालवडी कळपाच्या तीन आठवडे आधी विण्याची तजवीज पुष्कळ ठिकाणी करतात, ती त्यांना सावरण्यास अधिक अवधी मिळावा म्हणून.

मराठी शेतकऱ्याच्या गोठ्यातील गाय कुरणावरच्या अँगसहून सर्वस्वी निराळी. ती दुधासाठी आणि खोंडासाठी पाळलेली, घरच्या माणसांत वावरलेली. परंतु वर्षाला एक वेत ही आकांक्षा तिच्या धन्याचीही आहे, आणि तिच्या गर्भाशयातील पहारेकरी, त्यांचे निरोप आणि त्यांचा विसावा यांची व्यवस्था तीच आहे. गाय उलटली म्हणजे माजाचा दिवस चुकला का, वळू बरा नव्हता का, अशी चौकशी होते. त्या चौकशीत आणखी एका प्रश्नाची भर घातली पाहिजे: ही गाय व्याली तेव्हा तिची जार कशी पडली, आणि पहिले दोन-तीन आठवडे तिचे कसे गेले? पुष्कळ वेळा उत्तर तेथेच सापडेल, आणि पुढच्या खेपेस ते ऐंशी दिवस हातचे जाणार नाहीत.